कार्बनवर बसले आणि मनगटं दुखली

पत्र :

"मी साताऱ्याची. वय 41, शाळेत शिकवते, उंची पाच फूट एक इंच. गेली काही वर्षं हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची सायकल चालवते. रविवारी आमचा ग्रुप यवतेश्वरचा घाट चढून कासला जातो, कधी वाईपर्यंत. या हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची ठरवली आहे आणि त्यासाठी रोडबाइक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची हलकी सायकल घ्यायची आहे. 80 हजार रुपये जमवलेत. पण ग्रुपमध्ये प्रत्येक जण आपल्याच सायकलच्या प्रेमात. एक काका आहेत, ते 30 वर्षं जुन्या स्टीलच्या सायकलशिवाय दुसऱ्या कशावर बसत नाहीत. एका डॉक्टरांना कार्बन फायबरच्या सायकलीपुढे काही दिसत नाही. आणि माझ्या शाळेतली मैत्रीण तिच्या ॲल्युमिनियमच्या ट्रायबन रोडबाइकवर इतकी खूश की तिनं सायकलचं बारसंसुद्धा केलं. 'एकदा बसून तर बघा, प्रेमातच पडाल,' असं म्हणून डॉक्टरांनी त्यांची सायकल मला दिली. मी अर्ध्या तासात उतरले. मनगटं आणि मान दुखायला लागली, उतारावर ब्रेकपर्यंत बोटं पोचेनात, भीती वाटली. रोडबाइक माझ्यासाठी नाहीच का? घ्यायची तर कोणाचं ऐकू? घरी 'एवढ्या पैशात स्कूटर येते' हे चालूच आहे. आणि जुनी हायब्रिड विकून टाकू का?"

उत्तर :

ताई,

रोडबाइक तुमच्यासाठी नक्की आहे. डॉक्टरांची रोडबाइक मात्र तुमच्यासाठी नाही. त्यांची उंची तुम्ही लिहिलेली नाही, पण ब्रेकपर्यंत बोटं पोचली नाहीत आणि मान दुखली, एवढ्यावरून ती सायकल तुम्हाला निदान दोन साइज मोठी असणार. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून डोकं दुखलं तर आपण आपल्या डोळ्यांना दोष देत नाही. तुम्हाला वाटलेली भीतीही अगदी योग्य होती. घाटात ब्रेक हाताशी नसेल तर भीती वाटायलाच हवी.

तुमच्या ग्रुपमधले तिघंही खरं सांगताहेत. फक्त प्रत्येक जण स्वतःच्या शरीराविषयी आणि स्वतःच्या रस्त्यांविषयी सांगतो आहे. त्यांना आपली सायकल इतकी का आवडते ते नीट पाहिलं की तुमच्या कामाचं काय आणि त्यांचं त्यांच्यापाशी काय राहू द्यायचं, हे कळेल.

काकांपासून सुरुवात करू. तीसेक वर्षांपूर्वीची चांगली स्टीलची रोडबाइक म्हणजे बारीक गोल नळ्या आणि वरची नळी जमिनीला समांतर. अशा सायकलींवर जीव टाकणारे लोक जगभर आहेत, आणि त्या प्रेमाला आठवणींइतकाच धातूचा आधार आहे. इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्येच टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं होतं. जोडाशी ताकद हवी, मध्ये वजन नको, एवढाच विचार. 1935 मध्ये त्यांची 531 नावाची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आली आणि पुढे कित्येक दशकं चांगल्या सायकलच्या फ्रेमवर या आकड्याचं स्टिकर पाहिलं की लोक दोन पावलं जवळ येऊन बघायचे. पोलाद सहसा एकदम दगा देत नाही. आधी वाकतं, करकरतं, तडा हळूहळू वाढतो. जोड सुटला तर जाणकार कारागीर पितळेचा किंवा चांदीचा डाख देऊन तो पुन्हा बसवतो. (गेट-ग्रिलचं वेल्डिंग करणाऱ्याकडे मात्र अशी नळी कधी देऊ नये, पातळ पोलाद जळून जातं.) काकांची सायकल अजून रस्त्यावर आहे ती या गुणांमुळे.

पण काकांना विचारा, पुढची लहान चकती किती दातांची आणि मागची सर्वांत मोठी किती दातांची? त्या काळच्या शर्यतीच्या सायकलींना पुढे अनेकदा 52 आणि 42, तर मागे 24च्या आसपास दात असत. 42 भागिले 24 म्हणजे 1.75. चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर. म्हणजे पॅडलच्या एका फेरीला सायकल 3.7 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्यांच्या खाली गेलं की चढावर गुडघे कुरकुरायला लागतात. त्या हिशेबानं ताशी 13 किलोमीटरपेक्षा हळू जाण्याची सोयच त्या सायकलवर नाही. यवतेश्वरच्या वळणांवर ताशी 13! काका तिथे उभे राहून पॅडल मारत असणार, आणि इतक्या वर्षांत त्यांचे पाय तसे घडले असणार. तुम्ही त्यांच्याकडून सायकल सांभाळायची शिस्त घ्या. गिअर घेऊ नका.

आता डॉक्टर. कार्बनविषयी 1990 च्या दशकापर्यंत मोठ्या लोकांच्याही मनात शंका होती. उत्तर फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीचे रस्ते लागतात, तिथे ही फ्रेम टिकेल का, अशी. 1995 मध्ये इटलीचा फ्रँको बॅलेरिनी कोल्नागोच्या सी-40 या कार्बनच्या सायकलवर ती शर्यत जिंकला आणि त्या शंकेची धार गेली. कार्बनचं खरं वैशिष्ट्य असं की धागे कोणत्या दिशेनं आणि किती थर घालायचे हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. पॅडलपाशी फ्रेम ताठ, सीटखाली थोडी लवचिक, असं एकाच वस्तूत करता येतं. वजन तर कमी असतंच. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी असू नये, असा नियमच आहे.

तरीही वजनाचा हिशेब तुमच्यापुरता करून पाहा. तुम्ही 55 किलो धरा, सायकल 10, पाणी-ट्यूब-पंप वगैरे 3. एकूण 68. दोन किलो हलकी सायकल घेतली तर फरक तीन टक्क्यांचा. एका तासाच्या चढावर दोन मिनिटांच्या आत. शर्यतीत दोन मिनिटं म्हणजे सगळं काही. बीआरएममध्ये एका चहाच्या थांब्याला त्याहून जास्त वेळ जातो. शिवाय 80 हजारांत कार्बनची नवी सायकल दिसलीच तर चाकं, गिअर, टायर यांत कुठेतरी काटकसर केलेली असते. आणि जुनी कार्बन फ्रेम जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये, कारण आतला तडा रंगाखाली लपतो.

राहिली मैत्रीण. माझं झुकतं माप तिच्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचं आणि ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून त्याच्या नळ्या जाड कराव्या लागतात, आणि नळी रुंद केली की ताठपणा झपाट्यानं वाढतो. अमेरिकेच्या कॅननडेलनं 1983 पासून अशा जाड नळ्यांच्या सायकली काढल्या. त्यांच्याच कॅड मालिकेवर आजही गल्लीबोळातल्या शर्यती खेळणाऱ्यांचं विलक्षण प्रेम आहे. चपळ, ताठ, आणि पडली तरी माणूस कर्जबाजारी होत नाही. 'ॲल्युमिनियम अंगाला हादरे देतं' हे तुम्ही ऐकलं असेल. जुन्या, फार ताठ फ्रेमवर 23 मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून चालवण्याच्या काळातली ती तक्रार आहे. आज तुमच्या बजेटमधल्या बऱ्याच सायकलींना पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा असतो आणि 28 किंवा त्याहून रुंद टायर बसतात. सीटखाली आणि हाताखाली जो फरक जाणवतो तो फ्रेमच्या धातूपेक्षा टायरची रुंदी आणि हवा यांचा कितीतरी जास्त असतो.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही आपल्या बीआरएमची थोरली बहीण. 1891 मध्ये पहिल्यांदा झाली. आता चार वर्षांतून एकदा होते, अंतर 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त मुदत 90 तास. तिथे स्टील, ॲल्युमिनियम, कार्बन, टायटॅनियम, दोघांनी मिळून चालवायच्या टँडेम, झोपून चालवायच्या सायकली, सगळं पोचतं. तेव्हा धातूचा वाद मनातून काढून टाका.

आता ज्यावर तुमचा सगळा आनंद अवलंबून आहे त्या विषयाकडे येते, तो म्हणजे माप. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला दुकानात 'हीच सर्वांत लहान, सीट खाली करून देतो' असं फार सहज सांगितलं जातं. ऐकू नका. सीट खाली केल्यानं हँडल जवळ येत नाही. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर मापांचा तक्ता असतो, त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे शोधा. दोन्ही पॅडलच्या मधल्या अक्षापासून हँडल ज्या नळीत बसतं तिचं टोक किती उंच आहे ते स्टॅक, आणि तिथपर्यंत आडवं अंतर किती ते रीच. तुमच्या उंचीला साधारण 510 ते 540 मिलिमीटर स्टॅक आणि 355 ते 370 रीच, या पट्ट्यात शोधायला सुरुवात करा. फ्रेमवर लिहिलेल्या एक्सएस, एस किंवा 47, 49 या साइजवर भिस्त ठेवू नका. एका कंपनीचं एस हे दुसरीचं एम निघतं. एन्ड्युरन्स प्रकारची सायकल मागा. तिचा स्टॅक जास्त आणि रीच कमी असतो, म्हणून पाठ कमी वाकते. डॉक्टरांची बहुधा शर्यतीच्या ठेवणीची असावी.

वरची नळी मागे उतरती असेल असंच पाहा. हल्ली बहुतेक सायकलींना ती असते, पण त्यामागचा माणूस तुम्हाला ठाऊक असावा असं मला वाटतं. इंग्लंडचे माइक बरोज. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमननं ज्या लोटस सायकलवर सुवर्णपदक मिळवलं, तिच्यामागे त्यांचंच डोकं होतं. पुढे जायंट कंपनीसाठी त्यांनी टीसीआर रोडबाइक आखली. वरची नळी उतरती, मागचा त्रिकोण लहान, आणि ढीगभर साइजऐवजी मोजक्याच, बाकी फरक हँडलची दांडी आणि सीटची दांडी बदलून भरून काढायचा. आधी रोडबाइकवाल्यांनी नाकं मुरडली, मग सगळ्यांनी तेच केलं. आज तुम्ही सायकलवरून उतरून दोन्ही पाय जमिनीला टेकवता आणि वरची नळी टोचत नाही, ते या आखणीमुळे.

घरी एक मोजमाप करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, वहीची कड दोन पायांच्या मध्ये घट्ट वर धरा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला 0.883 नं गुणा. 71 सेंटिमीटर आलं तर सुमारे 63. दोन्ही पॅडलच्या त्याच मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची, ही सुरुवात. मग अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होईल.

दुकानदाराशी बोलताना आणखी चार गोष्टींवर अडून बसा. पॅडलची दांडी, म्हणजे क्रँक, 165 मिलिमीटरची. 170 किंवा 172.5 ची असेल तर प्रत्येक फेरीला तुमचा गुडघा जास्त दुमडतो आणि दिवसभरात ते बोलून दाखवतो. हँडलची रुंदी तुमच्या खांद्याएवढी, म्हणजे बहुधा 38 सेंटिमीटर. हँडल पुढे धरणारा स्टेम 70 ते 80 मिलिमीटरचा, आणि खरेदीच्या वेळीच बदलून घेतला तर बरेच दुकानदार फरक फार लावत नाहीत. चौथी गोष्ट ब्रेकच्या लिव्हरची. बहुतेक आधुनिक लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. डॉक्टरांच्या सायकलवर तुमची बोटं पोचली नाहीत त्याचा अर्धा इलाज एवढाच. लहान हातांची माणसं घाट उतरताना वर्षानुवर्षं भीत राहतात, आणि तो स्क्रू कोणी त्यांना दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लहान फ्रेमची एक खोड आहे. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. अगदी हळू, कडक वळणावरच हे होतं, धोका मोठा नाही. पण रिकाम्या मैदानात एकदा करून बघा, म्हणजे गर्दीत दचकणार नाही.

गिअरविषयी एक सावधगिरी, कारण यावर तुमचा हिरमोड होऊ शकतो. तुमच्या हायब्रिडला पुढे तीन चकत्या असतील तर सर्वांत लहान बहुधा 28 दातांची असेल. तीवर तुम्ही कासचा चढ बसून चढता. रोडबाइकला पुढे 50 आणि 34 असतात. म्हणजे महागडी, हलकी सायकल घेऊनही चढ जास्त जड लागू शकतो! मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, 28 दातांपर्यंतची असेल तर मिनिटाला 60 फेऱ्यांना वेग ताशी 9 च्या वर ठेवावा लागतो. 32 ची असेल तर 8, आणि 34 ची असेल तर साडेसात. तुम्ही 11-34 (सर्वांत लहान चकती 11 दातांची, सर्वांत मोठी 34) मागा, आणि मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, 34 दात पेलतो ना, हे विचारून घ्या. शिमानोचा सोरा गिअर-संच की टियाग्रा, याची चर्चा ग्रुपमध्ये तासभर चालेल. तुमच्यासाठी हे 34 दात त्यापेक्षा मोलाचे.

टायर 28 चे, आणि फ्रेममध्ये 32 बसण्याइतकी जागा. तुमच्या वजनाला 28 च्या टायरमध्ये 60 ते 65 पीएसआय हवा पुरते. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. ब्रेक शक्यतो डिस्क, कारण आपल्याकडे पावसात घाट उतरायचे असतात. मडगार्ड लावायला भोकं असली तर उत्तमच.

आता 200 किलोमीटर. मुदत साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी 15 च्याही किंचित खाली. वासोट्याच्या रांगा बघत कासला चढणाऱ्या बाईला हा वेग अवघड नाही. अवघड आहे ते दहा-अकरा तास बसून राहणं. म्हणून 80 हजारांतले सगळे सायकलवर संपवू नका. 65 पर्यंतची ॲल्युमिनियमची सायकल घ्या आणि उरलेल्यांत फिटिंग (सायकल आपल्या शरीराच्या मापाला जुळवून घेणं), बैठकीच्या हाडांच्या रुंदीप्रमाणे निवडलेली सीट, चांगली सायकलची चड्डी, पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट बसवा. हेल्मेट तुमच्याकडे असेलच.

पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन निवडणार असाल तर एका दिवसात दोनच दुकानं करा. प्रत्येक सायकल निदान अर्धा तास चालवा, त्यात एक चढ आणि एक उतार हवा. हात लिव्हरच्या वर ठेवल्यावर कोपर किंचित दुमडलेलं आहे का, दोन बोटांनी जोरात ब्रेक लागतो का, मान वळवून मागचा ट्रक दिसतो का, एवढंच पाहा. मनगटांवर भार येत असेल तर रंग कितीही आवडला तरी परत द्या. पहिल्या फेरीत प्रेम वाटलं नाही तरी चालेल. त्रास मात्र वाटता कामा नये. मैत्रिणीलाही बारसं करावंसं वाटलं ते पहिल्या दिवशी नसावं, तिला विचारून बघा.

घरच्यांच्या स्कूटरच्या मुद्द्यावर वाद घालू नका. त्यांचं गणित चुकीचं नाही, फक्त ते वेगळ्या गरजेचं आहे. पैसे तुम्ही जमवलेत, कशासाठी जमवलेत ते एकदा शांतपणे सांगा, आणि बीआरएमच्या शेवटच्या चेकपोस्टवर घरातल्या कोणाला तरी बोलवा. दिवसभर सायकल चालवून आलेलं आपलं माणूस पाहिलं की बरेच प्रश्न मिटतात, असा माझा अनुभव आहे.

हायब्रिड विकू नका. तिचे पैसे फार येणार नाहीत, आणि शाळेत जायला, भाजी आणायला, भर पावसात बाहेर पडायला तीच बरी. नवी सायकल बीआरएमच्या निदान सहा आठवडे आधी घरी आणा. पहिले दोन आठवडे चाळीस किलोमीटरच्या पुढे जाऊ नका आणि सीटची उंची एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका. एक बदल, मग दोन फेऱ्या, मग पुढचा बदल. यवतेश्वर तिसऱ्या आठवड्यात. खरेदीआधी निवडलेल्या दोन-तीन सायकलींचे स्टॅक-रीच आणि तुम्ही घरी मोजलेला आकडा मला कळवलात तर मी पाहून लगेच उत्तर देईन.